दिशादर्शन उपग्रहांचे करार आणि त्यामागचे सल्लागार

जीपीएसचा पहिला उपग्रह अमेरिकेने १९७८ मध्ये सोडला, ग्लोनासचा पहिला सोव्हिएत संघाने १९८२ मध्ये. दोन्ही यंत्रणा लष्कराच्या, त्यामुळे सहकार्याचा प्रश्नच नव्हता. १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले दक्षिण कोरियाचे प्रवासी विमान पाडण्यात आले आणि २६९ जण मृत्युमुखी पडले. जीपीएस तयार झाल्यावर नागरी वापरासाठी विनामूल्य खुली राहील, असे रेगन सरकारने त्यानंतर जाहीर केले. युरोपने ‘गॅलिलिओ’ ही स्वतःची यंत्रणा काढायचे ठरवले, तेव्हा मात्र करार-मदार आले आणि त्यांच्या पाठोपाठ सल्लागारही.

पहिला सल्ला पैशांचा होता. युरोपीय आयोगासाठी प्राइसवॉटरहाउसकूपर्स या सल्लागार कंपनीने नोव्हेंबर २००१ मध्ये गॅलिलिओचा व्यवसाय-आराखडा मांडला. खर्चाच्या ४.६ पट लाभ होईल, असे त्यात म्हटले होते. रिसीव्हरमधल्या चिपवर स्वामित्वशुल्क मिळेल आणि सेवा पुरवणारेही पैसे भरतील, अशी कमाईची कल्पना होती. उभारणीचा सुमारे दोन तृतीयांश खर्च खासगी कंपन्यांनी उचलावा, असे याच भरवशावर ठरले. शेजारी जीपीएस फुकट मिळत असताना गॅलिलिओसाठी खिशात हात कोण घालणार, हा साधा प्रश्न आकडेमोडीत मागे पडला. २००७ मध्ये कंपन्यांशी चाललेली बोलणी फिसकटली आणि ३.४ अब्ज युरोंचा भार युरोपच्या सार्वजनिक तिजोरीवर आला.

दुसरा सल्ला अभियंत्यांचा होता, आणि तो टिकला. युद्धाच्या वेळी विशिष्ट भागात नागरी सिग्नल बंद पाडायचा आणि आपला लष्करी ‘एम-कोड’ चालू ठेवायचा, अशी अमेरिकी लष्कराची योजना होती. गॅलिलिओचा सरकारी वापराचा सिग्नल नेमका एम-कोडच्या जागेवर येणार होता, म्हणजे तो जॅम करायला गेले की अमेरिकेचाच सिग्नल बुडणार. डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेचे संरक्षण उपमंत्री पॉल वुल्फोवित्झ यांनी युरोपीय संरक्षणमंत्र्यांना पत्र लिहून ही चिंता कळवली. राजकीय भाषणांनी हे सुटण्यासारखे नव्हते. दोन्हीकडचे तज्ज्ञ सिग्नलच्या आकृत्या समोर ठेवून बसले. २६ जून २००४ रोजी आयर्लंडमधल्या ड्रोमोलँड कॅसलमध्ये करार झाला. युरोपने आपला सरकारी सिग्नल हलवला, आणि नागरी सिग्नल मात्र दोघांनी एकाच १५७५.४२ मेगाहर्ट्झ वारंवारतेवर, एकाच घडणीचा ठेवायचे मान्य केले. २००७ मध्ये ती घडण आणखी सुधारण्यात आली. दोन यंत्रणांच्या घड्याळांतला फरक उपग्रहांवरूनच प्रसारित करायचेही ठरले, कारण सेकंदाच्या एक अब्जांश भागाची चूक म्हणजे जमिनीवर सुमारे ३० सेंटिमीटरचे अंतर. हातातला फोन दोन्ही यंत्रणांचे उपग्रह एकाच अँटेनावर वापरतो, तो या वाटाघाटींमुळे.

दोघांपुरता झालेला समझोता सर्वांपर्यंत नेण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली २००५ मध्ये व्हिएन्नात आयसीजी ही दिशादर्शन उपग्रह यंत्रणांची आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. तिचे निर्णय बंधनकारक नसतात, शिफारशीच असतात. तरीही यंत्रणा चालवणारे देश एका टेबलाशी येतात, हे थोडके नव्हे. या देशांचा ‘प्रोव्हायडर्स फोरम’ २००७ मध्ये बंगळुरूच्या बैठकीत सुरू झाला.

भारताने या क्षेत्रात दोन पावले टाकली. जीपीएसच्या चुका सुधारणारी ‘गगन’ यंत्रणा इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने उभारली. तिच्यासाठी तंत्रज्ञान अमेरिकेच्या रेथिऑन कंपनीचे होते. ‘नाविक’ ही स्वतःची दिशादर्शन यंत्रणा मात्र देशानेच उभारली, फक्त तिच्या उपग्रहांतली रुबिडियम अणुघड्याळे आयात केलेली होती. ती स्वित्झर्लंडच्या ज्या कंपनीने पुरवली, त्याच कंपनीची घड्याळे गॅलिलिओतही होती. नाविकच्या पहिल्या उपग्रहातली तिन्ही घड्याळे बंद पडली आणि गॅलिलिओतही काही निकामी झाली. एकाच पुरवठादारावर विसंबण्याचा धोका तेव्हा दोन्हीकडे एकदमच उघडा पडला. भारताने रुबिडियम घड्याळ स्वतः तयार केले. २९ मे २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या एनव्हीएस-०१ उपग्रहात ते बसवण्यात आले. जीपीएस आणि गॅलिलिओशी जुळणारा, १५७५.४२ मेगाहर्ट्झवरचा नागरी सिग्नल देणारा नाविकचा हा पहिला उपग्रह होय.