फौजदाराला कोण विचारणार?

गावात चोरी झाली तर काय करावयाचे, हे कुणाला शिकवावे लागत नाही. पोलीस पाटलाला वर्दी द्यावयाची, ठाण्यावर जावयाचे आणि फौजदारसाहेबांपुढे आपली हकीकत मांडावयाची. मग शिपाई येतात, पंचनामा होतो, तपास सुरू होतो. पण समजा, वर्दी देऊनही कुणी आले नाही. ठाण्यावर गेलात, तर तक्रार लिहून घेतली नाही. सहा महिने उलटले, तरी तपासाचे काय झाले ते कुणी सांगेना. दाद ना फिर्याद! अशा वेळी काय करावे? चोराला फौजदार जाब विचारतो हे खरे. पण फौजदाराला कोण विचारणार?

हा प्रश्न आमच्या कॉलेजातील एका खेड्यातल्या मुलाने मला भर वर्गात विचारला होता. मी म्हटले, "त्याचा वरचा साहेब विचारील." तो म्हणाला, "आणि सर, वरच्यानेही नाही विचारले तर?" त्या दिवशी मी वेळ मारून नेली, हे कबूल करतो. पुढे वाचताना मला या प्रश्नाशी झुंजलेल्या एका वस्तीची कथा सापडली. ती वस्ती आपल्याकडची नव्हे. ती आहे दक्षिण आफ्रिकेत, केप टाउन शहराच्या कडेला. पण कथा ऐकल्यावर, ती फार दूरची आहे असे आपणांस वाटणार नाही.

त्या वस्तीचे नाव खायेलित्शा. तिथल्या खोसा भाषेत या शब्दाचा अर्थ होतो 'नवे घर'. नाव गोड, पण जन्म कसा झाला ते बघा. दक्षिण आफ्रिकेत तेव्हा गोऱ्यांचे राज्य होते. काळ्या माणसाने कोठे राहावे, कोठून कोठे जावे, हे सरकार ठरवी. खिशात पासाची वही नसली, तर रस्त्यात पोलीस पकडून नेत. १९६० सालच्या २१ मार्चला शार्पव्हिल येथे या पासाविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि ६९ माणसे मारली. त्याच दिवशी केप टाउनजवळ लांगा येथेही गोळीबार झाला. पुढे १९८३ साली शहराबाहेर २५-३० किलोमीटरवर, वाळूच्या टेकाडांत, काळ्या लोकांसाठी एक नवी वसाहत आखण्यात आली. तीच ही खायेलित्शा. २०११ च्या शिरगणतीत तिथली वस्ती सुमारे ३ लाख ९० हजार भरली. त्यांतली कितीतरी घरे पत्र्याची आणि फळ्यांची.

१९९४ साली राज्य पालटले. सर्वांना मताचा हक्क मिळाला, नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले. आता प्रश्न आला पोलिसांचा. कालपर्यंत ज्या खाकीला बघून लोक पळत, तिच्यावर आज विश्वास कसा ठेवावा? आणि हे दल कुणाच्या ताब्यात द्यावे? गोऱ्यांच्या राजवटीत काळ्यांसाठी म्हणून वेगळे काढलेले मुलूख होते आणि त्यांची आपापली पोलीस दले होती. अशी एकूण ११ दले १९९५ साली एकत्र केली आणि साऱ्या देशाचे एकच पोलीस दल बनविले. हुकूम चालणार तो मध्यवर्ती सरकारचा.

येथे आपल्याकडच्या पद्धतीतला फरक ध्यानात घ्या. आपल्या घटनेत पोलीस हा विषय राज्यांचा आहे. महाराष्ट्राच्या पोलिसांवर महाराष्ट्र सरकारचा हुकूम चालतो. तिकडे देशाचे नऊ प्रांत आहेत, पण प्रांताच्या सरकारला साध्या शिपायाची बदलीसुद्धा करता येत नाही. मग प्रांताने नुसते बघत बसावयाचे काय? तर घटना करणाऱ्यांनी असे ठरविले की, होय, बघावयाचे. पण नीट बघावयाचे, आणि हक्काने बघावयाचे. १९९६ च्या घटनेचे २०६ वे कलम प्रांताला सांगते की, पोलिसांच्या वर्तनावर लक्ष ठेवा, त्यांचे काम नीट चालते की नाही ते पाहा, लोक आणि पोलीस यांच्यांत सलोखा वाढवा. पोलीस निकामी ठरले किंवा लोकांचे व त्यांचे पटेनासे झाले, अशी तक्रार आली, तर प्रांताला चौकशी आयोगही नेमता येतो. थोडक्यात, हाती दंडुका नाही, पण विचारण्याचा अधिकार आहे. आता अशा नुसत्या विचारण्याला किती किंमत असते, ते पुढे बघू.

खायेलित्शात तेव्हा तीन पोलीस ठाणी होती. तरीही तिथले हाल काय होते? झोपड्यांच्या कित्येक वस्त्यांत धड रस्ता नाही, दिवा नाही, घरांना नंबर नाहीत. शौचालय घरापासून लांब. रात्री बाईमाणसाने बाहेर पडावयाचे म्हणजे जिवावर उदार होऊन. हे आपल्याकडच्या आयाबायांना वेगळे समजावून सांगावयास नको. वस्तीत घाला पडला आणि ठाण्याला फोन केला, तर तो कुणी उचलील याची शाश्वती नाही. २००६ साली तिथे १९ वर्षांच्या एका मुलीचा काही तरुणांनी मिळून खून केला. त्या खटल्यात तारखांवर तारखा पडत गेल्या आणि शिक्षा व्हायला २०१२ साल उजाडले. वस्तीतले लोक तारखेला कोर्टाच्या दाराशी जाऊन उभे राहत आणि हात हलवीत परत येत.

न्याय दारात येत नाही असे दिसले, म्हणजे माणसे काय करतात? ती स्वतःच न्यायाधीश होतात. खायेलित्शात तसेच झाले. चोर म्हणून कुणाला धरावयाचे, दहा-वीसांनी घेरावयाचे आणि जागीच मारून टाकावयाचे. एप्रिल २०११ ते जून २०१२ एवढ्या काळात अशा रीतीने ७८ माणसे मारली गेली, असे पोलिसांच्याच पाहणीत निघाले. त्यांत खरा चोर कोण आणि संशयाने गेला कोण, हे आता कोण सांगणार? पोलिसांची हयगय ही नुसती कागदावरची चूक नसते. तिची भरपाई कुणीतरी जीव देऊन करीत असतो.

अखेर तिथल्या काही लोकसंस्था एकत्र आल्या. त्यांत मुख्य होती 'सोशल जस्टिस कोअलिशन' ही संस्था. त्यांनी दगड उचलला नाही. त्यांनी एकेक प्रकरण लिहून काढले. तक्रार केव्हा दिली, ठाण्यात काय उत्तर मिळाले, कागद कोठे हरवला, तारीख किती वेळा पुढे गेली. नोव्हेंबर २०११ मध्ये हे गाठोडे त्यांनी वेस्टर्न केप प्रांताच्या मुख्य मंत्री हेलन झिल यांच्यापुढे ठेवले आणि म्हटले, घटनेने दिलेला अधिकार वापरा, आयोग नेमा.

मुख्य मंत्र्यांनी लगेच आयोग नेमला नाही. आधी पोलिसांकडे खुलासा मागितला. पत्रे गेली, स्मरणपत्रे गेली, महिने गेले. समाधानकारक उत्तर आले नाही, तेव्हा ऑगस्ट २०१२ मध्ये आयोग जाहीर झाला. अध्यक्ष केट ओरेगन, घटना न्यायालयाच्या माजी न्यायाधीश. आणि जोडीला वुसी पिकोली, देशाचे माजी मुख्य सरकारी अभियोक्ता.

येथे कथेला वळण लागते. मध्यवर्ती सरकारचे पोलीस मंत्री नाथी म्थेथ्वा कोर्टात गेले. केंद्रात एक पक्ष आणि प्रांतात दुसरा, तेव्हा यात राजकारण आहे, असाही सूर निघाला. मुख्य हरकत अशी की, प्रांताच्या आयोगाला आमच्या पोलिसांना समन्स काढून बोलावण्याचा, त्यांची दप्तरे मागण्याचा अधिकारच नाही. प्रकरण खालच्या कोर्टातून वर गेले आणि १ ऑक्टोबर २०१३ रोजी घटना न्यायालयाने निकाल दिला.

तो निकाल लिहिणाऱ्या न्यायाधीशांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. त्यांचे नाव डिकगांग मोसेनेके. वयाच्या पंधराव्या वर्षी गोऱ्यांच्या पोलिसांनी त्यांना पकडले होते आणि मंडेलांना ज्या रॉबेन बेटावर ठेवले, त्याच बेटावर त्यांनी दहा वर्षे काढली होती. पोलिसाला कुणी विचारणारा नसला म्हणजे काय होते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. न्यायालयाने एकमताने ठरविले की, आयोग कायदेशीर आहे. ज्या आयोगाला साक्षीदार बोलावता येत नाही, कागद मागता येत नाही, तो चौकशी तरी कसली करणार? लोकांच्या तक्रारीची दखल घेणे हे मुख्य मंत्र्यांचे कर्तव्यच होते.

मग जानेवारी २०१४ पासून आयोगाचे काम उघडपणे सुरू झाले, आणि तेही खायेलित्शातच. ज्या बायांची तक्रार ठाण्याच्या पायरीवरून परत पाठविली गेली होती, त्या आयोगासमोर बोलल्या. पोलीस अधिकारीही आले आणि शपथेवर बोलले. २५ ऑगस्ट २०१४ रोजी अहवाल आला. त्यात लोकांचे म्हणणे खरे ठरले. तपास करणाऱ्या एकेका पोलिसाच्या डोक्यावर शंभराहून अधिक प्रकरणे होती. दिवे-रस्ते नसलेल्या वस्त्यांत गस्त जवळजवळ होतच नव्हती. पोलिसांच्या स्वतःच्या तपासणी अहवालांत हेच दोष वारंवार नोंदले गेले होते, पण दुरुस्ती कुणी केली नव्हती. आयोगाने पोलिसांना सरसकट झोडपले नाही. कठीण जागी इमानाने राबणारे शिपाईही त्याला दिसले आणि तसे त्याने नमूद केले.

सर्वांत धक्का देणारी गोष्ट निराळीच होती. कोणत्या ठाण्याला किती पोलीस द्यावयाचे, याचा हिशेब जेव्हा उघड झाला, तेव्हा दिसले की गोरगरीब काळ्यांच्या, जास्तीत जास्त खून होणाऱ्या वस्त्यांना लोकसंख्येच्या मानाने कमीत कमी पोलीस मिळत होते. खायेलित्शातल्या हरारे ठाण्याला तर प्रांताच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी. राज्य बदलून वीस वर्षे झाली होती. माणसे बदलली, गणवेश बदलले. वाटणीचा हिशेब मात्र जुन्याच वळणाने चालला होता. सुंभ जळला, पीळ राहिला.

आयोगाने एकूण २० शिफारशी केल्या. पुढे काय झाले, असे आपण विचाराल. खरे सांगावयाचे तर सगळे आलबेल झाले नाही. देशाच्या पोलीस प्रमुखांनी अहवालातले बरेचसे मान्यच केले नाही. तेव्हा लोकसंस्था पुन्हा कोर्टात गेल्या, आणि डिसेंबर २०१८ मध्ये समता न्यायालयाने निकाल दिला की, पोलिसांची ही वाटणी गरिबांवर आणि काळ्यांवर अन्याय करणारी आहे. निकाल हाती आला, पण त्याने एका रात्रीत वस्तीत शिपाई वाढले नाहीत. खून-मारामाऱ्याही संपल्या नाहीत.

मात्र विचारण्याची घडी बसली. प्रांताने २०१३ साली लोकसुरक्षेचा स्वतंत्र कायदा केला. पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकण्यासाठी एक लोकपाल नेमला, आणि त्या जागी पहिले आले ते आयोगावरचेच पिकोली. गस्त घालणाऱ्या वस्तीतल्या पथकांना नोंदणी आणि नियम आले, म्हणजे राखणदारांवरही नजर आली. आणखी एक काम प्रांताने हाती घेतले, ते मला फार शहाणपणाचे वाटते. कोर्टात जाऊन त्यांची माणसे टिपून ठेवू लागली, की कोणता खटला कोणत्या कारणाने निघून गेला. तपास अपुरा राहिला? पोलिसाने कागदच आणले नाहीत? मग ती नोंद पोलिसांच्या वरिष्ठांपुढे जाते आणि त्यांना उत्तर द्यावे लागते. साधी वही आणि पेन्सिल; पण तिचा धाक असतो.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडे गावचा जागता पहारा जुना आहे. जागल्या, रामोशी, पाटील ही नावे आपण आजोबांच्या तोंडून ऐकली आहेत. पोलीस पाटलाचे काम इंग्रजांच्या १८६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने बांधले आणि महाराष्ट्राने १९६७ साली त्यासाठी स्वतःचा कायदा केला. पण फौजदाराला विचारणारी वेगळी जागा असावी, हा विचार आपल्याकडे फार उशिरा आला. सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी राज्यांना पोलीस तक्रार प्राधिकरणे स्थापण्याचा आदेश दिला, आणि महाराष्ट्राच्या पोलीस कायद्यात ती तरतूद २०१४ साली आली. आपल्यापैकी कितीजणांना ती ठाऊक आहे? शिक्षक मंडळींनी नागरिकशास्त्राच्या तासाला हा प्रश्न वर्गात टाकून पाहावा.

त्या मुलाला आज मी काय उत्तर देईन? मी म्हणेन, फौजदाराला विचारणारा माणूस आयता मिळत नाही. घटनेत त्याची जागा असावी लागते, सरकारला ती वापरण्याची हिंमत लागते, कोर्टाला पाठीशी उभे राहावे लागते. पण या सगळ्याच्या आधी, ठाण्यावरून परत पाठविलेल्या कुणीतरी घरी येऊन वहीत तारीख, वार आणि मिळालेले उत्तर लिहून ठेवावे लागते. खायेलित्शाचा आयोग मुख्य मंत्र्यांच्या सहीने जन्मला, हे इतिहासात लिहिले जाईल. माझ्या मते तो जन्मला या वहीतून.