कुत्र्याचं नाक, मांजराचं नाक

मांजर पाक, कुत्रा नापाक. आपल्या मोहल्ल्यांत विषय इथेच संपतो आणि पोरांच्या हातात दगड येतो. जुन्या अरबी ग्रंथकारांना मात्र या जनावरांबद्दल अपार कुतूहल होतं. बसऱ्याच्या जाहिजनं नवव्या शतकात ‘किताब अल-हैवान’मध्ये कुत्रा श्रेष्ठ की कोंबडा, या वादाला पानंच्या पानं दिली. इजिप्तचे अद-दमीरी (मृत्यू 1405) लिहितात, की खरा मेलेला कोण आणि मेल्याचं सोंग घेणारा कोण, हे कुत्रा हुंगून ओळखतो. किस्सा ऐकीव असेल. पण नाकाची कदर खरी आहे.

माग काढण्यात कुत्रा मांजराच्या पुढेच. पण मांजराचं नाकही कमी नाही. टाळूवरच्या दुसऱ्या गंधेंद्रियात एका प्रकारची ग्राहक-जनुकं मांजरात सुमारे 30, कुत्र्यात 9. वास घेऊन मांजर तोंड उघडं ठेवून थबकतं, ते याचसाठी.

मग पाक-नापाक? तो प्रश्न मुख्यतः लाळेचा, जनावराच्या लायकीचा नव्हे. मांजराच्या उष्ट्या पाण्यानं वजू चालतो, कारण ते घरात वावरणारं. ही अबू कतादांची हदीस. कोकणातले शाफई कुत्र्यानं चाटलेलं भांडं सात वेळा धुतात, त्यात एकदा मातीनं. मालिकी मजहबात कुत्रा पाकच. आणि सूरह माइदाच्या चौथ्या आयतीत शिकवलेल्या जनावरानं धरलेली शिकार हलाल आहे. तिथे शिकवणाऱ्यांसाठी आलेला ‘मुकल्लिबीन’ हा शब्द ‘कल्ब’वरून, म्हणजे कुत्र्यावरूनच झाला आहे.