पडदा आणि यंत्र यांचा करार

बँकेतील पैसे देणारें यंत्र, रुग्णालयांतील तपासणीचें उपकरण, स्थानकावरील गाड्यांचा फलक, या सर्वांच्या पडद्यावर चित्र उमटतें तें केवळ पडदा चांगला आहे म्हणून, अशी आपली समजूत असते. वस्तुतः चित्र पाठविणारें यंत्र आणि तें दाखविणारा पडदा यांच्यांत आधीं एक करार झालेला असावा लागतो. ओळी किती, प्रत्येक ओळींत ठिपके किती, दर सेकंदास चित्रें किती, हें उभयतांस सारखेंच ठाऊक नसेल, तर दोन्ही निर्दोष असूनहि पडद्यावर अंधारच राहतो.

आम्हां इगतपुरीकरांस ही गोष्ट निराळ्या रूपानें परिचयाची आहे. १९३० च्या सुमारास मुंबईकडून घाट चढून आलेली विजेची तार १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहाची होती. पुढें भुसावळकडील मार्गावर २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आला. दोन्ही तारा उत्तम, दोन्ही बाजूंचीं इंजिनें उत्तम. तरी कित्येक वर्षें येथें इंजिन बदलल्यावांचून गाडी पुढें जात नसे. एकविसाव्या शतकांत मुंबईकडचा भागहि २५,००० व्होल्टचा झाला, तेव्हां हा भेद मिटला. पडद्याच्या इतिहासांतहि असे भेद वेळोवेळीं उत्पन्न झाले आणि मिटवावे लागले.

या इतिहासाचा आरंभ आपल्याच जिल्ह्यांतील पुरुषापासून करतां येतो. त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लागला. त्या काळीं फिल्म ३५ मिलिमीटर रुंद असे व प्रत्येक चित्राच्या दोन्ही कडांस चार चार छिद्रें असत. हा आकाराचा करार जगभर मान्य झाला होता. वेगाचा मात्र झाला नव्हता. कॅमेरा हातानें फिरवीत आणि सेकंदास सुमारें सोळा चित्रें घेत. पुढें बोलपट आले. आवाज बिघडूं नये म्हणून वेग स्थिर हवा, यास्तव तो सेकंदास चोवीस ठरला. १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट या नव्या युगांतला. जुना मूकपट चोवीसच्या वेगानें दाखविला, कीं माणसें दीडपट घाईनें चालतात आणि प्रेक्षक हंसतात. त्यांत दोष छायाचित्रकाराचा नसतो, प्रक्षेपकाचाहि नसतो. करार बदललेला असतो.

मुंबईस २ ऑक्टोबर १९७२ रोजीं दूरदर्शन सुरू झालें. त्याचें चित्र ६२५ ओळींचें, सेकंदास पंचवीस, आणि प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत, म्हणजे पन्नास फेऱ्यांत रेखलें जाई. हा पन्नासचा आकडा आपल्या विजेच्या पन्नास आवर्तनांशीं जुळविलेला होता. अमेरिकेंत वीज साठ आवर्तनांची, म्हणून तेथें साठ फेऱ्या व ५२५ ओळी. तिकडे स्थायिक झालेल्या आप्तानें हौसेनें आणलेला संच येथें चालत नसे, त्याचें कारण हेंच.

संगणकाच्या पडद्यानें हिशेब अधिक बारीक केला. १९८७ सालीं आय.बी.एम. कंपनीनें व्ही.जी.ए. नांवाची पद्धति आणली. तींत दिसणारें चित्र ६४० ठिपके रुंद आणि ४८० ओळी उंच असे. परंतु यंत्र प्रत्येक फेरींत मोजी ८०० ठिपके आणि ५२५ ओळी. वरचा काळ कशासाठीं? कांचेच्या नळींतील किरणास ओळ संपवून परत डावीकडे, आणि तळ गांठून पुन्हां माथ्यावर जाण्यास अवकाश हवा. ८०० गुणिले ५२५ म्हणजे ४ लाख २० हजार. सेकंदास साठ फेऱ्या धरल्यास सुमारें २ कोटी ५२ लाख ठिपके. हे आंकडे चुकले, तर चित्र घसरे किंवा फाटे, आणि कांहीं जुन्या पडद्यांस इजाहि होई.

आतां आपल्या लिपीकडे वळूं. १९८१ च्या सी.जी.ए. पद्धतींत पडद्यावर २०० ओळी आणि मजकुराच्या पंचवीस रांगा. म्हणजे प्रत्येक अक्षरास अवघ्या आठ ओळी. रोमन अक्षर त्यांत बसतें. देवनागरीस वर वेलांटी व रफार, मध्यें शिरोरेखा, खालीं उकार. तिचा त्यांत कोंडमारा होई. करार ज्यांनीं लिहिला, त्यांनीं आपली लिपि डोळ्यांपुढें ठेविली होती. यावर उपाय आय.आय.टी. कानपूर येथें सुरू झाला आणि १९८८ मध्यें पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅकनें ‘जिस्ट’ या नांवानें तो घरोघरच्या नव्हे, तरी कचेऱ्यांच्या संगणकांपर्यंत नेला. जिस्ट कार्ड संगणकांत बसविलें, कीं इंग्रजीसाठीं लिहिलेल्या कार्यप्रणालींतहि मराठी अक्षर पडद्यावर उमटे. १९९१ मध्यें ‘इस्की’ ही संकेतावली भारतीय मानक झाली. तींत मूळचीं १२८ इंग्रजी चिन्हें तशींच ठेवून पुढील १२८ स्थानांत आपल्या लिपि बसविल्या होत्या.

१९९४ नंतर पडद्यानें स्वतःच आपली ओळख सांगावी, अशी ‘एडिड’ नांवाची सोय झाली. १२८ बाइटांच्या त्या पत्रिकेंत पडद्याचे सर्व आंकडे असतात, आणि संगणकांतील ग्राफिक्स ड्रायव्हर ते वाचून घेतो. परंतु एखाद्या उपकरणाच्या पोटांत कायमचा बसविलेला पडदा पुष्कळदां अशी पत्रिका देत नाहीं. अशा ठिकाणीं बसविणाऱ्यानें उत्पादकाच्या तक्त्यावरून आंकडे स्वतः भरावे लागतात: ठिपके, ओळी, रिकामा काळ, घड्याळाचा वेग, शिवाय पडद्यास वीज आधीं व मागील दिवा नंतर लावण्याचा क्रम. इंटेल कंपनीच्या उपकरणांसाठींच्या ग्राफिक्स ड्रायव्हरमध्यें यासाठीं निराळा तक्ताच असे.

आंकडे जुळून चित्र स्थिर झालें, म्हणजे काम संपलें असें बसविणाऱ्यास वाटतें. परंतु इंग्रजी अक्षरें नीट दिसलीं, एवढ्यानें आपला करार पुरा होत नाहीं. पडद्यावर ‘इगतपुरी’ आणि ‘कुर्ला’ हे दोन शब्द लिहून पाहावे. उकार खालच्या कडेस कापला जात नाहीं, वेलांटी व रफार वरच्या रांगेंत घुसत नाहींत, आणि चार हात अंतरावरून वृद्ध मनुष्यासहि ते वाचतां येतात, एवढें पाहावें. फलाटावर उभ्या असलेल्या ज्या प्रवाशास इंग्रजी येत नाहीं, त्याची गाडी चुकणें न चुकणें याच परीक्षेवर अवलंबून आहे. सार्वजनिक उपकरणें विकत घेणाऱ्या संस्थांनीं ती अट खरेदीच्या कागदांतच घालावी, एवढी विनंति करून मी हें भाषण पुरें करतों.