सुलतानाच्या आईचा बाजार

मैत्रिणींनो, आज इस्तंबूलच्या मसाल्याच्या बाजारात जाऊ या. एमिनोनू धक्क्याजवळच्या या बाजाराला तिथे ‘मिसर चार्शिसी’ म्हणजे इजिप्तचा बाजार म्हणतात. आपल्याकडची मिरी पूर्वी इजिप्तमार्गे तिकडे जायची.

पण हा बाजार उभारला एका बाईनं. तुरहान कोवळ्या वयात गुलाम म्हणून राजवाड्यात आली आणि पुढे सुलतान चौथ्या मेहमेदची आई झाली. शेजारच्या मशिदीचं काम साफिये या आधीच्या राजमातेनं १५९७ साली सुरू केलं होतं. १६०३ साली तिचा मुलगा वारला, अधिकार गेला आणि काम अर्धवट पडलं. तुरहाननं ते १६६५ साली पुरं केलं. मशिदीचा खर्च पुढेही चालावा म्हणून तिनं हा बाजार बांधला आणि दुकानांचं भाडं त्यासाठी लावून दिलं.

आज तिथे केशर, सुमाक, लोकुम मिठाई घ्यायला पर्यटकांची गर्दी असते. घरच्या सामानासाठी इस्तंबूलकर बाजूच्या गल्ल्यांतही जातात.

बाजाराच्या नावात तुरहान नाही. पण तिनं नुसतं बांधलं नाही, ते टिकायची सोयही केली. आपणही गावात वाचनालय किंवा पाळणाघर सुरू करताना हे विचारू या: आपल्यामागे याचा खर्च कशातून निघेल?