उरलेल्या श्वासासाठी

एम्फिसेमाच्या रुग्णाची मुख्य अडचण श्वास बाहेर टाकण्याची असते. हवा आत अडकून राहते, फुप्फुसे फुगतात आणि त्यांच्याखालचा श्वासपटल सपाट होऊन दुबळा पडतो. अशा फुप्फुसाचा काही भाग कापून टाकला, तर उरलेल्या भागाला हलायला जागा मिळेल, असा तर्क बाल्टिमोरचे शल्यविशारद ऑटो ब्रँटिगन यांनी १९५०च्या दशकात मांडला. रुग्णांना बरे वाटे. पण मोजमापाचा पुरावा नव्हता आणि साधारण सहापैकी एक रुग्ण दगावला. ही पद्धत मागे पडली.

१९९५मध्ये सेंट लुईसच्या जोएल कूपर यांनी २० रुग्णांचे निकाल प्रसिद्ध केले. जोराच्या उच्छ्वासात पहिल्या सेकंदाला बाहेर पडणारी हवा सरासरी ८२ टक्क्यांनी वाढली होती. शस्त्रक्रियेची लाटच आली. तेव्हा वृद्धांच्या उपचारांचा खर्च उचलणाऱ्या मेडिकेअर या सरकारी विमा योजनेने पैसे थांबवले आणि आधी चाचणी होऊ द्या, असे बजावले.

चाचणीत १,२१८ रुग्ण होते. अत्यंत क्षीण फुप्फुसांच्या एका गटात शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांत १६ टक्के रुग्ण दगावले. २००१मध्ये तसा इशारा देण्यात आला. २००३च्या निकालानुसार, ज्यांचा आजार मुख्यतः फुप्फुसांच्या वरच्या भागात होता आणि ज्यांची श्रम करण्याची ताकद कमी होती, त्यांना आयुष्यही अधिक लाभले.

मला मात्र या इतिहासात व्हेंटिलेटरवरचा रुग्ण शोधायचा होता. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातील डॉक्टरांनी १९९६मध्ये अशा मोजक्या रुग्णांवरील शस्त्रक्रियेचा वृत्तांत दिला. मोठ्या चाचणीत मात्र रक्तात कार्बन डायऑक्साइड फार वाढलेल्यांना प्रवेशच नव्हता. म्हणजे सर्वांत व्याकूळ रुग्ण पुराव्याच्या उंबरठ्याबाहेरच राहिला.

मला हे वगळणे क्रूर वाटत नाही. धोका खराच होता. पण त्या चाचणीचा होकार किंवा नकार या रुग्णाला जसाच्या तसा लावता येत नाही. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांना डॉक्टरांनी हे स्पष्ट सांगायला हवे. आशा दाखवताना ती किती जणांच्या अनुभवावर उभी आहे, हेही सांगणे हाच ब्रँटिगन ते मेडिकेअर या प्रवासाचा धडा आहे.