सांडपाण्याचा गाळ : रसायन व यंत्र यांच्या संयोगाचा इतिहास

नागरी सांडपाण्याच्या शुद्धीकरणाचा इतिहास बहुधा नदीच्या बाजूने लिहिला जातो. पाणी केव्हा निवळले, दुर्गंधी केव्हा थांबली, याची त्यात सविस्तर नोंद असते. परंतु पाण्यातून वेगळा काढलेला मळ पुढे कोठे गेला, हा प्रश्न उपेक्षितच राहतो. वस्तुतः शुद्धीकरणाची खरी कसोटी या उरलेल्या गाळातच आहे.

या दृष्टीने लंडनचे उदाहरण बोधप्रद ठरते. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्सच्या दुर्गंधीने पार्लमेंटचे कामकाजही अवघड झाले. त्यानंतर जोसेफ बॅझलजेट यांच्या योजनेनुसार बांधलेल्या भूमिगत नाल्यांनी शहराचा मैला पूर्वेस बेक्टन व क्रॉसनेस येथे नेला. पण तेथे तो शुद्ध न करताच नदीत सोडला जाई. म्हणजे घाण दूर गेली, नाहीशी झाली नाही. १८८२ मध्ये नेमलेल्या रॉयल कमिशनने मैल्यातील घन भाग वेगळा करण्याची शिफारस केली. त्यानुसार रसायनज्ञ विल्यम डिब्डिन यांच्या देखरेखीखाली चुना व लोहाचे सल्फेट घालून मळ तळाशी बसविण्यात येऊ लागला. साचलेला गाळ १८८७ पासून जहाजांनी समुद्रात टाकण्यात आला. पहिल्या जहाजाचे नाव ‘बॅझलजेट’ असेच होते.

या उपायाने नदीची स्थिती सुधारली, तथापि गाळाचा प्रश्न सुटला नाही. तळाशी बसविण्यासाठी घातलेले रसायन स्वतःच गाळात मिळून त्याचे प्रमाण वाढवीत होते. समुद्र जवळ असल्यामुळे लंडनला ही वाढ जाचली नाही, इतकेच. पुढे १९१४ मध्ये मँचेस्टरच्या आर्डर्न व लॉकेट यांनी सक्रिय गाळाची पद्धती प्रसिद्ध केली. तिच्यामुळे पाणी अधिक शुद्ध होऊ लागले. परंतु तिच्यातून निघणारा गाळ विपुल व अत्यंत पाणचट असे.

अमेरिकेतील मिल्वॉकी शहरास समुद्राचा आधार नव्हता. मिशिगन सरोवर हाच तेथील पिण्याच्या पाण्याचा साठा होता. सक्रिय गाळ नुसता गाळू गेल्यास त्याचे सूक्ष्म, चिकट कण कापडाची छिद्रे बुजवीत. हे कण समान विद्युत्भारामुळे परस्परांपासून दूर राहतात आणि पाणी धरून ठेवतात. फेरिक क्लोराइडने तो भार शमविला की कणांचे पुंजके बनतात व पाणी सुटे होते. मग निर्वात गाळणी ते ओढून घेऊ शकते. हा क्रम अवलंबून आणि उरलेला गाळ वाळवून मिल्वॉकीने १९२६ पासून ‘मिलॉर्गनाइट’ नावाचे खत विक्रीस आणले. येथे रसायनाविना यंत्र अडते आणि यंत्राविना रसायन अपुरे पडते.

या संयोगाचे महत्त्व साध्या गणिताने ध्यानात येते. शेकडा ९८ भाग पाणी असलेल्या १०० टन गाळात घन द्रव्य केवळ २ टन असते. पाण्याचे प्रमाण शेकडा ७५ वर आणले, तर एकूण वजन ८ टन उरते. मात्र ही घट पाण्याची आहे. घन द्रव्य तेवढेच राहते. किंबहुना घातलेल्या रसायनामुळे किंचित वाढते. म्हणूनच विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संशोधनाचा रोख बदलला. अल्कलीने जीवाणूंच्या पेशींचे आवरण दुर्बल करावे, उच्च दाबाने वा घर्षणाने ते फोडावे आणि बाहेर पडलेले सेंद्रिय द्रव्य इतर जीवाणूंकडून पचवून घ्यावे, असा हा नवा विचार होय. त्यात घन द्रव्यच घटते. परंतु त्याचे मोल ऊर्जा व रसायन यांच्या रूपाने द्यावे लागते.

लंडनचा गाळ समुद्रात टाकणे १९९८ मध्ये बंद झाले. म्हणजे १८८७ मध्ये लाटांवर सोपविलेला प्रश्न एकशे अकरा वर्षांनी किनाऱ्यावर परत आला. एखाद्या नगराने आपले पाणी किती शुद्ध केले, एवढे विचारून म्हणूनच भागत नाही. त्या शुद्धीचे ओझे त्याने कोणाच्या दारी ठेवले, हेही इतिहासकाराने विचारले पाहिजे.