विलायतेतली खानावळ आणि आपलं नाशिक

माझा भाचा कामानिमित्त दोन वर्षांसाठी कोरियातल्या सुवॉनला गेलाय. रविवारी त्याचा फोन येतो तेव्हा ऑफिसची चर्चा दोन मिनिटं आणि जेवणाची वीस मिनिटं. तिथलं जेवण त्याला आवडतं, तक्रार काही नाही. पण महिन्यातून एकदा 'आपलं' काहीतरी पोटात जावं म्हणून तो भारतीय हॉटेलं शोधत हिंडतो. पाटीवर ताजमहाल, आत हिंदी गाणी, आणि ताटात साखर घातलेली गुळगुळीत ग्रेव्ही! चार-पाच वेळा फसल्यावर त्याने एक साधा नियम केला. आधी काचेतून आत डोकवायचं. आपल्याकडची चार माणसं जेवताना दिसली तरच बसायचं.

त्याच्या आईला हा नियम लगेच पटला. मला मात्र त्यावरून इतिहास आठवू लागला. (घरच्यांना माझ्या या खोडीची सवय आहे. :-) )

खरं तर नाशिककरांना हा नियम नवा नाही. आपलं गाव यात्रेकरूंचं. कुठकुठून लोक गोदावरीवर यायचे आणि पंचवटीत उतरले की आधी आपल्या मुलखाचा, आपल्या भाषेचा उपाध्याय आणि आपल्या समाजाची धर्मशाळा शोधायचे. देव सगळ्यांचा एक असला तरी आमटी ज्याची त्याची वेगळी! परगावी माणूस देवाच्याही आधी ओळखीची चव शोधतो, हे आपल्या घाटाने शेकडो वर्षं पाहिलंय.

तर सांगायचा मुद्दा विलायतेचा. लंडनमधलं पहिलं भारतीय हॉटेल भारतीयांसाठी निघालं नव्हतं. पाटण्याला जन्मलेले दीन महंमद यांनी १८१० साली जॉर्ज स्ट्रीटवर 'हिंदुस्तानी कॉफी हाउस' उघडलं ते कंपनीच्या नोकरीतून परतलेल्या साहेबांसाठी. मसालेदार जेवण, हुक्का, बांबूच्या खुर्च्या असा सगळा थाट होता. पण १८१२ मध्ये दीन महंमद यांचं दिवाळं निघालं. ज्यांना या जेवणाची चटक लागली होती त्यांच्यापैकी पुष्कळांच्या घरी ते करणारी माणसं होतीच. आणि ज्यांना ते खरोखर हवं असतं, घरापासून तुटलेले आपले लोक, ते तेव्हा लंडनमध्ये अशा हॉटेलात बसण्याच्या ऐपतीचे नव्हते.

असे लोक पुढे आले ते शिकायला. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या तेव्हा कसलं हॉटेल आणि कसलं काय. शाकाहार सोडायचा नाही हे ठरलेलं. त्यामुळे फिलाडेल्फियाच्या थंडीत डॉक्टरीचा अभ्यासही करायचा आणि आपल्यापुरतं शिजवायचंही. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या त्यामागे हे रोजचं शिजवणंही आहे, पण त्यांच्या पदवीबद्दल बोलताना ते आपण विसरतो.

गांधीजी १८८८ मध्ये लंडनला पोचले. आईला दिलेलं वचन पाळायचं, आणि घरमालकीण वाढणार उकडलेली बेचव भाजी आणि मोजके पावाचे तुकडे. आणखी मागायची लाज वाटे. मग रोज मैलोन् मैल पायपीट करून ते शाकाहारी हॉटेल शोधत असत, आणि एके दिवशी फॅरिंग्डन स्ट्रीटवर ते सापडलं. आत्मकथेत त्यांनी लिहिलंय की मनासारखी वस्तू मिळाल्यावर लहान मुलाला व्हावा तसा आनंद झाला. विलायतेत आल्यापासूनचं पहिलं पोटभर जेवण! दाराजवळच्या काचेत हेन्री सॉल्टचं शाकाहारावरचं पुस्तक विकायला होतं, तेही त्यांनी घेतलं. पुढे ते तिथल्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर गेले. म्हणजे सार्वजनिक कामाचा त्यांचा ओनामा जेवायची जागा शोधता शोधता झाला. गंमत म्हणजे हे हॉटेल भारतीय नव्हतंच, इंग्रज शाकाहाऱ्यांचं होतं. 'आपलं' हॉटेल म्हणजे आपल्याच देशाचं असतं असं नाही.

आता त्याच काळात इकडे काय चाललं होतं ते पाहा. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा पुढे केला गेला आणि त्यावरून केवढं रण पेटलं! टिळक, रानडे यांच्यासारख्यांना त्या चहापायी बहिष्कार आणि प्रायश्चित्ताच्या प्रकरणाला तोंड द्यावं लागलं. समुद्र ओलांडून परत आलेल्याची तर गोष्टच सोडा. कोणी कोणाच्या हातचं खावं हा तेव्हा धर्माचा प्रश्न होता. ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवली तरच पुढची गोष्ट केवढी मोठी होती ते कळतं.

१ जुलै १९०५ रोजी लंडनच्या हायगेट भागात, ६५ क्रॉमवेल ॲव्हेन्यू इथे, पंडित श्यामजी कृष्णवर्मा यांचं 'इंडिया हाउस' सुरू झालं. शाळेत आपण ते क्रांतिकारकांचं केंद्र म्हणून शिकतो. ते होतंच. पण त्याआधी ते विद्यार्थ्यांचं वसतिगृह होतं, म्हणजे राहायची आणि जेवायची सोय. परक्या शहरात खोली भाड्याने देताना मालकीण आधी कातडीचा रंग बघायची, अशा दिवसांत. इथे मराठी होते, बंगाली होते, पंजाबी, गुजराती, तमिळ होते. भगूरचे विनायक दामोदर सावरकर १९०६ मध्ये इथे आले. पारनेरचे बापट (पुढचे सेनापती), तमिळ व्ही. व्ही. एस. अय्यर, पंजाबी मदनलाल धिंग्रा अशा कितीकांचं इथे येणंजाणं होतं. ही मंडळी मायदेशात एका पंगतीला बसलीच नसती. हिंदुस्थानचा नकाशा त्यांनी शाळेत पाहिला असेल, पण सगळा हिंदुस्थान एका टेबलाभोवती बसलेला बहुधा इथेच पाहिला.

आणि या टेबलावर वाढणारा होता चतुर्भुज अमीन, इंडिया हाउसचा स्वयंपाकी. त्याचं नाव नाशिकच्या इतिहासात कायमचं गुंतलंय. १९०९ च्या सुरुवातीला तो मायदेशी निघाला तेव्हा त्याच्या ट्रंकेला खाली चोरकप्पा होता आणि त्यात वीस ब्राउनिंग पिस्तुलं होती. सावरकरांनी पाठवलेली. मार्चमध्ये तो मुंबईला उतरला. त्याच सुमारास इकडे नाशकात सावरकरांचे थोरले बंधू बाबाराव यांना अटक झाली. जूनमध्ये त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. १ जुलैला लंडनमध्ये धिंग्रांनी कर्झन वायलीला गोळ्या घातल्या आणि इंडिया हाउसचे दिवस भरले.

वसतिगृह मोडल्यावर सावरकरांना कोणी खोली देईना. शेवटी ते हॉलबर्नजवळच्या रेड लायन पॅसेज नावाच्या गल्लीत राहिले, एका लहानशा भारतीय खानावळीच्या वरच्या खोलीत. सगळी दारं बंद झाली तेव्हा खानावळीचा जिना तेवढा उघडा होता.

त्याच वर्षीच्या २४ ऑक्टोबरला लंडनच्या भारतीयांनी बेजवॉटरमधल्या निजामुद्दीन यांच्या हॉटेलात दसऱ्याचं जेवण ठेवलं. दसरा हिंदूंचा, हॉटेल मुसलमानाचं, आणि पंगतीला सगळेच. अध्यक्ष गांधीजी आणि वक्त्यांमध्ये सावरकर! गांधीजींच्या दोन अटी होत्या, जेवण शाकाहारी हवं आणि भाषणांत वादाचं राजकारण नको. दोघेही रामावर बोलले. प्रत्येकाचा राम मात्र वेगळा होता. डॉ. टी. एस. एस. राजन यांनी या समारंभाची एक आठवण सांगितली आहे. विद्यार्थी स्वयंसेवक स्वयंपाकाला लागले होते. एक किरकोळ अंगकाठीचा गृहस्थ लवकर येऊन त्यांच्यात भांडी धुवायला, भाजी निवडायला बसला. हाच आजचा अध्यक्ष, हे अय्यरांनी ओळखेपर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नाही.

त्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशकात विजयानंद थिएटरमध्ये 'शारदा' नाटकाचा प्रयोग होता. कलेक्टर जॅक्सन आले आणि अनंत कान्हेरे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पिस्तूल त्या विसांतलंच एक. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. चतुर्भुज अमीन पुढे खटल्यात माफीचा साक्षीदार झाला.

त्या खटल्याची बाजू इथे मांडायची नाही, त्यावर पुष्कळांनी लिहिलंय. मला रेंगाळायला होतं ते या स्वयंपाक्यापाशी. देशाचं भवितव्य ठरवणारी चर्चा चालू असताना हा माणूस पोळ्या वाढत आत-बाहेर करत असणार. पण तो इतिहासात आला पिस्तुलांमुळे आणि राहिला साक्षीमुळे. पोळ्यांमुळे कुणी त्याचं नाव घेत नाही. घरापासून पाच हजार मैलांवर त्या पोरांना धरून ठेवणारी गोष्ट भाषणं होती तशीच ती पोळीही होती, असं मला वाटतं. सगळ्यांना जवळ आणणाऱ्या त्या टेबलाशी त्याला कधी खुर्ची मिळाली का? माफीच्या साक्षीदाराचं समर्थन करायचं नाही मला, पण हा प्रश्न डोक्यातून जात नाही.

याच्या अगदी उलट गोष्ट जपानात घडली. रासबिहारी बोस १९१५ साली तिकडे निसटले. टोकियोच्या शिंजुकू भागातल्या 'नाकामुराया' बेकरीच्या सोमा कुटुंबाने त्यांना लपवलं आणि पुढे मुलगीही दिली. १९२७ मध्ये त्या दुकानाने खाण्याची जागा सुरू केली तेव्हा बोस यांनी शिकवलेली भारतीय करी तिथे मिळू लागली. नाकामुराया आजही ती करी विकते आणि बोस यांचं नाव अभिमानाने सांगते. क्रांतिकारक स्वयंपाकघरात गेला तर त्याचं नाव करीला लागतं. स्वयंपाकी क्रांतीत गेला तर त्याचं नाव खटल्याच्या कागदांत उरतं.

पुढची हकीकत थोडक्यात. १९२६ मध्ये लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर एडवर्ड पामर यांनी 'वीरास्वामी' उघडलं. ते पुन्हा दीन महंमदच्या वळणाचं, बड्या साहेबलोकांच्या आठवणींसाठी. १९३२ मध्ये लंडनला महाराष्ट्र मंडळ निघालं, आणि सणावाराचं एकत्र जेवण हे अशा मंडळाचं निम्मं आयुष्य असतं हे परदेशातले नातेवाईक सांगतीलच. कृष्ण मेनन यांचं नाव ज्याच्याशी जोडलं जातं तो 'इंडिया क्लब' १९५१ मध्ये सुरू झाला. पुढे स्ट्रँडवर, लाकडी जिना चढून गेलं की साधा डोसा मिळायचा. सप्टेंबर २०२३ मध्ये तो बंद झाला. इमारतीच्या मालकांना तिथे नव्या धर्तीचं हॉटेल करायचं होतं.

या सगळ्यातून मला एवढंच दिसतं की परदेशात आपलं हॉटेल दोन तऱ्हेचं असतं. एक, ज्यांना आपल्या देशाची हौस आहे त्यांच्यासाठी. दुसरं, ज्यांना आपल्या देशावाचून करमत नाही त्यांच्यासाठी. पहिल्यात सजावट चांगली असते, दुसऱ्यात आमटी. आणि दुसऱ्यातच माणसं एकमेकांना भेटतात, भांडतात, कधी इतिहासही घडवतात. जीभ हे तिथे जाण्याचं निमित्त.

आता वारा उलटाही वाहतो आहे. पुण्याकडच्या कारखान्यांत कोरियन माणसं कामाला आली आणि पुण्यात कोरियन हॉटेलं निघाली. तिथे गेलात तर कोपऱ्यातल्या टेबलावर बघा, आपल्या भाषेत भरभरून बोलत, घामाघूम होऊन जेवणारे चार कोरियन दिसले तर निर्धास्त बसा.

आणि घरात कुणाच्या ट्रंकेत आजोबा-पणजोबांची विलायतेतून आलेली पत्रं असतील तर ती फेकू नका. त्यात राजकारण थोडं असेल आणि 'इथे वरण मिळत नाही' हेच जास्त असेल. ते वगळून वाचू नका. आणि त्यांना वरण करून घालणाऱ्या कुणाचं नाव त्यात सापडलं, तर ते कुठेतरी लिहून ठेवा.